कायद्यानं लावलेली जोडी

१० एप्रिल

निवडून आले!

शाळेच्या पटांगणात निकाल वाचला. बायकांची पेटी आधी उघडली. माझं नाव आलं तेव्हा ओदिलिया मावशीनं अशी काही आरोळी ठोकली की झाडावरची वटवाघळं उडाली. टेक्ला समोरच उभी होती. पाद्रीबाबांची बायको, माझ्याविरुद्ध तीच होती. तिनं येऊन मिठी मारली. ‘बाई, आता रस्ता आणा. नाहीतर पुढच्या खेपेला मी आहेच!’

मग पुरुषांची पेटी. नाव आलं — इग्नास.

लोक टाळ्या वाजवत होते. माझे हात खालीच.

आमच्या बोगनव्हिल बेटाचा नवा कायदा असा — प्रत्येक वॉर्डातून एक बाई आणि एक पुरुष. दोघांचा मान सारखा. सभेत दोघांनी एकत्र बसायचं आणि आमच्या सभेच्या पद्धतीप्रमाणे वॉर्डाचा ठराव दोघांच्या नावानंच मांडायचा. या कायद्यासाठी मी गावोगाव पायी फिरले. बायकांना गोळा केलं. घसा बसेपर्यंत बोलले. आणि त्याच कायद्यानं माझी जोडी कुणाशी लावली? ज्यानं माझ्या बहिणीला नेलं त्याच्याशी!

परत येताना सिमियोन म्हणाला, ‘चला, माझ्या बायकोला सरकारनं दुसरा नवरा दिला!’ मग माझं तोंड बघितलं त्यानं. 

११ एप्रिल

रताळी उकडली. तशीच राहिली. शेवटी सिमियोननं डुकराला घातली.

१४ एप्रिल

इथं तरी सरळ लिहावं. इथं कोण ऐकतंय?

लढाईची वर्षं. सरकारची नाकेबंदी होती, तापावरची गोळीसुद्धा मिळत नव्हती. आई तापानं फणफणलेली. व्हेरोनिका, माझी धाकटी बहीण, नुकती शाळेतून सुटलेली पोर. ती सरकारी सैनिकांच्या छावणीपर्यंत गेली आणि कुणाकडून तरी गोळ्या घेऊन आली. आई वाचली. पण सरकारशी लढणारी जी बंदूकवाली पोरं रानात होती, त्यांच्यात बोलणं सुरू झालं — आमच्या कोनारुई गावातून कुणीतरी सैनिकांना खबर देतंय.

मग एका दुपारी इग्नास दोन पोरांना घेऊन आला. तो त्या पोरांचा म्होरक्या. ओरडला नाही, कुणाला ढकललं नाही. अंगणात उभा राहून म्हणाला, ‘थोडं विचारायचंय. संध्याकाळी आणून सोडतो.’ व्हेरोनिका अळकुड्या सोलत होती. हात पुसले. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘उरलेल्या तू सोल.’ आणि गेली. नदीच्या अंगानं, समुद्राकडे. बऱ्याच वेळानं खालून गोळ्यांचे आवाज आले.

ती संध्याकाळ अजून यायची आहे.

आई गेली तेव्हाही दाराकडेच बघत होती. मी काय करते? बाजारात एखादीची पाठ दिसते, मान तशीच जरा तिरकी. मी टोपली टाकून तिच्यामागे जाते. ती वळते. दुसरीच असते. बाजारातल्या बायकांना सवय झालीय. ‘बाई, कुणी ओळखीचं?’ हळूच विचारतात. चेष्टा करत नाहीत.

लढाई संपून वीसेक वर्षं झाली. समेट झाला. डुकरं कापली, शिंपल्यांच्या माळा दिल्या-घेतल्या, धनुष्यबाण मोडले. गावातले पुरुष इग्नासबरोबर बसून सुपारी खातात. मला जमलं नाही.

२ मे

पहिली सभा. आम्हाला दिलेला बाक इतका आखूड! मी मध्ये पिशवी ठेवली.

सुरुवातीलाच पलीकडच्या वॉर्डातला एक म्हातारा म्हणाला, ‘आता बायका आल्या, म्हणजे चहा बरा मिळेल.’ त्याच्याच शेजारी बसलेली बाई म्हणाली, ‘चहा तुम्ही करा काका, आम्ही तोवर ठराव करतो.’ सगळे हसले. मीही हसले. हसता हसता डावीकडे नजर गेली आणि हसू तिथंच थांबलं.

इग्नासनं सुपारी आणि चुन्याची डबी बाकावरून माझ्याकडे सरकवली. मी बघितलं नाही. थोड्या वेळानं परत ओढून घेतली. त्याचे हात बघितले. बोटं सुपारीनं लाल, नखं झिजलेली. म्हाताऱ्या माणसाचे हात. मी इतकी वर्षं तरुण हातांना शाप देत होते.

तो एकदाच बोलला. ‘शाळेत मोठ्या मुलींसाठी वेगळा संडास पाहिजे. त्या दिवसांत त्या घरी बसतात, मग शाळाच सुटते. हे बाईंचं म्हणणं आहे. माझंही.’

हे मी प्रचारात बोलले होते. फक्त बायकांच्या बैठकीत, चर्चच्या मागं. म्हणजे हा तिथं कुठंतरी उभा राहून ऐकत होता!

 

१९ मे

कंपनीची माणसं आली. मिवोरा नदीच्या वरच्या अंगाला सोनं आहे म्हणतात. चाचपणी करायचीय, त्यासाठी कुळाची संमती पाहिजे.

नदीकाठची जमीन आमच्या कुळाची. म्हणजे आईकडून आलेली — आजीची, मग आई-मावशीची, मग आमची. हे लहान पोरालाही माहीत. आणि तरी गॅब्रिएल मामाच पाहुण्यांना मिठी मारायला पुढं, मामाच बोलणार, मामाच मान डोलावणार. बायका मागं चुलीपाशी, झावळ्यांच्या भिंतीला कान लावून.

आज मला पहिल्यांदा पुढं खुर्ची मिळाली. वॉर्डाची सदस्य ना! बसले खरी, पण पाठीला त्या भिंतीमागचे डोळे टोचत होते. इतकी वर्षं मी त्या बाजूला होते. तिथून पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

मी म्हटलं, ‘मामा, मावशीला विचारलंत?’

मामा पाहुण्यांकडे बघून हसला. ‘आमची भाची. मास्तरीण आहे, प्रश्न विचारायची सवय.’ मग माझ्याकडे वळून, आवाज तसाच गोड — ‘जमीन बायकांची, बोलणं पुरुषांचं. आपल्याकडे असंच आहे, पोरी. तू काय आज जन्मलीस?’

पाहुण्यांनी मान हलवली. त्यांना ही व्यवस्था सोयीचीच.

इग्नास दारात उभा होता.  मामाकडे बघत होता. तसं बघणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

२० मे

ठरवलं. ठराव लिहायचा. कुळातल्या बायका उघड्या सभेत बसून, स्वतःच्या तोंडानं बोलल्याशिवाय जमिनीचं कुठलंही बोलणं धरलं जाणार नाही.

एकच अडचण. त्यावर इग्नासचं नाव लागेल.

२४ मे

गेले त्याच्याकडे. सिमियोन म्हणाला, ‘मी येऊ?’ नको म्हटलं. तरी तो फणसाच्या झाडापर्यंत आला आणि तिथं उगीच कोयता घासत बसला.

इग्नास एकटाच राहतो. बायको कधीच सोडून गेली. घर झाडूनपुसून स्वच्छ. मी अंगणातूनच ठराव पुढं केला. त्यानं वाचला. ओठ हलवत, सावकाश.

‘मांडा,’ म्हणाला. ‘माझं नाव घाला.’

‘मामा चिडेल.’

‘चिडू दे.’

‘तुम्हाला काय मिळणार यातून?’

त्यानं कागद नीट घडी करून परत दिला. ‘बाई, तुम्हाला माझं नाव पाहिजे होतं. दिलं.’

 तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं! मग सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं.

१ जून

मामा घरी आला. मी तामातामा केली होती — केळं कुटून, नारळाच्या दाट दुधात. त्याला आवडते. हात लावला नाही.

‘काय चालवलंयस तू?’

‘ठराव मांडतेय.’

‘कुणाबरोबर? विसरलीस तो कोण आहे? बहिणीच्या खुन्याबरोबर एका बाकावर बसतेस, आणि मला अक्कल शिकवतेस?’

सिमियोन उठून उभा राहिला. मी त्याला हातानं थांबवलं. 

‘मला कायद्यानं बसवलंय, मामा. तुम्ही तर आपल्या पायांनी जाऊन जेवायला बसला होतात त्याच्याबरोबर. समेटाला. आम्हाला कुणी बोलावलं होतं? मावशीला? आईला? आई तेव्हा होती! तुम्ही डुक्कर खाल्लंत, माळा घेतल्यात आणि येऊन सांगितलंत, मिटलं म्हणून. एवढं तरी विचारलंत का त्याला, तिला कुठं पुरलं?’

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग चुलीकडे बघायला लागला.

‘ते विचारायचं नसतं,’ म्हणाला. ‘मिटलं की मिटलं.’

आणि गेला. छत्री इथंच विसरून, पावसात.

मामानं मला खांद्यावर बसवून नदी ओलांडली आहे. व्हेरोनिकाला दुसऱ्या खांद्यावर. दोघी एकदम. आई काठावरून ओरडायची — पाडशील रे!

३ जून

दिवसभर वर्गात लक्ष नाही. मुलांनी पाढा चुकीचा म्हटला, तोच पुढं चालू राहिला.

मिटलं की मिटलं. कुणाचं?

५ जून

ठरावात दुसरं कलम घातलं. लढाईत हरवलेल्या माणसाबद्दल त्याची आई, बहीण, मावशी, बायको यांपैकी कुणीही उघड्या सभेत विचारू शकेल. आणि त्या बायकांनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय पुरुषांनी केलेला समेट पुरा झाला असं धरायचं नाही. वॉर्डातल्या हरवलेल्यांची नावं रेडिओवर वाचायची.

पुन्हा गेले त्याच्याकडे. या वेळी वाचताना ओठ मध्येच थांबले.

‘हे घातलंत तर मला विचाराल.’

‘हो.’

‘सगळ्यांसमोर?’

‘हो.’

‘आणि मी इथंच सांगितलं तर? आत्ता? फक्त तुम्हाला?’

देवा! मला नाही म्हणायला किती जड गेलं! तोंडाशी आलं होतं — सांग, सांग, मी मरतेय. पण मावशी डोळ्यांसमोर आली. ती भिंतीमागं किती वर्षं उभी राहणार? माझ्या एकटीच्या कानात सांगितलं तर तो पुन्हा एक समेटच. दोघांतला.

‘सभेत,’ म्हटलं.

तो कागद घेऊन घरात गेला.  मी निघून आले.

६ जून

सकाळी दारात कागद सरकवलेला. खाली त्याची सही. 

१७ जून

मावशीला सांगितलं, दुसरं कलम काय आहे ते. ती अळूची पानं निवडत होती. म्हणाली, ‘म्हणजे मी उभी राहू शकेन? पुढं?’

‘हो.’

‘माझ्या अंगावर धड पोलकं नाही.’

मग दोघी हसलो. मग तिला रडू आलं. आमच्यात मावशी म्हणजे आईच. व्हेरोनिका अर्धी तिच्याच अंगावर प्यायलेली. मी ते विसरते. मला वाटतं दुःख माझं एकटीचं.

३० जून

सभा.

लिहिते. 

बायका आल्या आणि पुढं बसल्या. नुसतं एवढंच करायला किती वेळ! ही म्हणे सरक, ती म्हणे तू बस. टेक्लानं शेवटी हात धरून एकेकीला बसवलं. ठराव मी वाचला. पहिल्या कलमावर खूप आरडाओरडा. एकजण म्हणाला, ‘उद्या म्हणाल शिकारीलाही विचारून जा!’ मागून त्याची बायको — ‘आधी शिकार करून तर दाखव!’ हशा. मतं घेतली. अगदी थोडक्यात, पण मंजूर!

मग दुसरं कलम. त्यावर कुणी हसलं नाही. कुणी विरोधात हातही वर केला नाही. इथं प्रत्येक घरातलं कुणीतरी परत आलेलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, ‘कुणाला विचारायचंय?’

माझी पाळी होती. रात्रंदिवस घोकलेलं वाक्य. आणि पाय उचलेनात!  तेवढ्यात मावशी उठली. सिमियोनचा इस्त्री केलेला सदरा घालून आली होती, गुडघ्यापर्यंत. म्हणाली, ‘इग्नास. माझी पोर कुठं आहे?’

तो माझ्या शेजारून उठला. बाक हलला.

मला आठवतंय तसं लिहिते.

‘मी नेलं तिला. वरून हुकूम होता, परत आणायचं नाही. बाकीच्या दोघांना मी वाटेत थांबवलं. नदीच्या मुखाशी एक जुनी होडी होती. तिला म्हटलं, बस. पलीकडच्या बेटांवर जा, सॉलोमन देशाच्या हद्दीत. तिला वल्हवता येत होतं. होडी ढकलली आणि हवेत गोळ्या झाडल्या, मागच्यांना ऐकू जाव्यात म्हणून. त्या दिवशी समुद्र वाईट होता. लाटेआड गेली. पुन्हा दिसली नाही. मी मारलं नाही, मावशी. पण ती पोचली का, मला माहीत नाही. एवढीच गोष्ट आहे. रोज तिथं जाऊन येतो. अजून माहीत नाही.’



मावशी म्हणाली, ‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? खुनी म्हणवून घेतलंस?’

‘तेव्हा बोललो असतो तर माझ्याच लोकांनी मला सोडलं नसतं. समेटाच्या दिवशी सांगायचं होतं. गेलोच होतो सांगायला. पण खबर देणारी म्हणून तिचं नाव मला ज्यानं दिलं होतं, तोच समोर बसला होता समेटाला. तिच्या घरचा म्हणून. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बोललो असतो तर पुन्हा कोयते निघाले असते. मग मीही जेवलो.’

मान कुठं वळवली नाही त्यानं. गरजच नव्हती. अख्ख्या सभेनं मान वळवली. गॅब्रिएल मामा उठला, काठी शोधली, आणि चालायला लागला. कुणी वाट अडवली नाही. कुणी वाट करूनही दिली नाही. त्याला बायकांच्या मधूनच जावं लागलं.

२ जुलै

काही नाही. काहीच नाही.

४ जुलै

गेले मामाकडे. ओसरीवर बसला होता. दाढी वाढलेली. मामीनं दार आतून लावून घेतलंय, ती त्याला जेवण बाहेर ठेवते.

विचारलं, ‘का?’

‘रानातली पोरं एक नाव मागत होती. एकच. दुसऱ्या दिवशीपर्यंत.’ त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ‘छावणीत मी जात होतो. निरोप मी पोचवत होतो, मीठ मिळायचं म्हणून. ती तर गोळ्यांसाठी एकदाच गेली. पण तिला जाताना लोकांनी बघितलं होतं.’

‘मामा!’

‘मी माझं नाव कसं देऊ, पोरी?’

इतक्या साध्या आवाजात. जणू मलाच उत्तर माहीत असावं.

तिथून उठले ती नदीच्या मुखाशी कशी पोचले, कळलं नाही. इतकी वर्षं त्या वाटेला गेले नव्हते. इग्नास तिथं होता. वाळूत बसलेला. मी लांब बसले. आमच्या दोघांत पिशवी नव्हती, नुसती वाळू. समोर पलीकडची बेटं दिसतात, निळसर. इतकी जवळ आहेत! चांगल्या दिवसात इंजिनाची बोट सहज जाते. त्या दिवशी होडी होती, आणि लाट.



आधी ती मातीत होती. मातीत कुठंतरी असणारं माणूस निदान एका जागी असतं. आता पाणी हललं की तीच हलते.

५ जुलै

याचा राग आता कुणावर धरू? इग्नासवर इतकी वर्षं जपून ठेवला होता. तो काढून घेतल्यासारखं वाटतंय. आणि मामावर येतच नाही अजून. तो आठवला की खांदाच आठवतो.

२२ जुलै

रेडिओवर नावं वाचली. शहरात जावं लागलं. इग्नास बोटीत माझ्या पलीकडे बसला होता, पण आत आला नाही. दारात थांबला. मी एकेक नाव वाचलं. कुणाची मुलगी, कुठलं गाव. शेवटी — ‘व्हेरोनिका. कोनारुईची. रुफिना आणि ओदिलिया यांची मुलगी.’ दोन्ही आयांची नावं घालायची, असं मावशीनं बजावलं होतं.

आतला माणूस म्हणाला, पलीकडच्या बेटांवरही ऐकू जातं.

परतीच्या बोटीत इग्नासनं सुपारी पुढं केली. मी घेतली. खाल्ली नाही, मुठीत ठेवली.

१८ ऑगस्ट

मामानं निरोप पाठवलाय — समेट करायचाय, बायकांशी, हवं ते देतो. मावशी म्हणाली, ‘सांग त्याला, सभेत ये. सगळ्यांसारखा.’ अजून आलेला नाही.

आणि या सगळ्यात कंपनी परत आली! आता नियमाप्रमाणे बायकांची सुनावणी. मला वाटलं होतं, बायका पुढं बसल्या की सरळ नाहीच म्हणतील. कुठलं काय! टेक्ला तावातावानं भांडली. तिचीही आई आमच्याच कुळातली. ‘माझी सून वाटेत बाळंत झाली, बाई. चिखलात. मूल गेलं. कंपनी रस्ता देतेय तर घेऊ दे ना! तुमची नदी तुम्हाला, माझी सून मला.’ मी काय सांगणार? खाणीनंच तर ही लढाई पेटली होती, तेव्हाही रस्ते झाले होते — हे सांगितलं. ‘तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘आता विचारताय, तर ऐका.’

ऐकलं. दुसरं काय करणार, नियम मीच लिहिलाय.

१५ सप्टेंबर

रस्ता हवा म्हणणाऱ्या आणि नदी नको द्यायला म्हणणाऱ्या जवळजवळ सारख्याच. मावशीचं अजून ठरत नाही. सिमियोन म्हणतो, ‘पुरुष बरे होते, एक डुक्कर कापलं की एकमत.’ त्याला पाणी भरायला पाठवलं.

२९ सप्टेंबर

उद्या निर्णय. कुळातली प्रत्येक बाई उभी राहून बोलणार. मी काय बोलायचं ते ठरलंय. पण व्हेरोनिकाच्या वाट्याचं कोण बोलणार? तिची जमीन होती ती. माझ्याइतकीच.

३० सप्टेंबर

सभा सुरू व्हायच्या आधी समुद्राकडून एक मुलगी आली. अनोळखी. पायात वाळू. दारातल्या माणसानं अडवलं — ही कुळाची सभा आहे, तू कुणाची?

‘व्हेरोनिकाची,’ म्हणाली. ‘रेडिओवर दोन्ही आज्यांची नावं ऐकली. जमिनीचं आज आहे, हे बोटवाल्यांकडून कळलं.’

इग्नास उठला आणि परत खाली बसला.

‘आई नाही येणार. नाव कुणी दिलं, ते तिला होडीत बसतानाच कळलं होतं. म्हणते, मामा आहे तोवर त्या गावात पाय ठेवायचा नाही. पण जमिनीचं बायकांना विचारत असतील तर तू जा, म्हणाली.’

 मावशीनंच तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं — आता, या घडीला, कुठं आहे ती?

‘घरी,’ ती म्हणाली. ‘मासे वाळत घालतेय.’